वंदनाताईंच्या लॅपटॉपची किल्ली

नीरजनं वंदनाताईंना फसवलं आणि बाजारात नाव माझं खराब केलं. हे आधीच सांगून टाकतो.

नीरज जुने लॅपटॉप विकतो. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप लॉटमध्ये आणायचे, पुसायचे, त्यात विंडोज टाकायची आणि नव्या बॅगेत घालून द्यायचे. धंदा वाईट नाही. सदरमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकायच्या आधी मीही तेच करत होतो, खांद्यावर माल वाहून. मला कोणी काही आयतं दिलेलं नाही. म्हणून माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं तापतं.

वंदनाताई मेश्राम घरी बसून एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतात. पंचिंग म्हणजे कागदावरची वेलबुट्टी मशीनला कळेल अशा टाक्यांमध्ये उतरवणं. सुई कुठून निघेल, कुठे वळेल, कुठला रंग आधी, हे सगळं कॉम्प्युटरवर ठरवायचं. रिछाईतल्या एका कपड्यांच्या कारखान्याच्या मशीनवर त्यांचीच डिझाइन चालतात. नीरजकडून घेतलेल्या लॅपटॉपवर अपडेट सुरू असताना त्यांच्या घरची लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि तेव्हापासून लॅपटॉप ‘रिपेअर करतो आहे’ असं दाखवून बंद व्हायचा, पुन्हा तेच. लग्नसराईच्या सलवार-सूटची डिझाइन आठवड्यात मिळाली नाहीत तर काम दुसऱ्याला देतो, असं कारखान्याच्या मालकानं कळवलं होतं. सगळी डिझाइन त्या एका लॅपटॉपमध्ये. दुसरीकडे कॉपी नाही.

“भाऊ, लॅपटॉप गेला तरी चालते,” त्या माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या. “डिझाइन नाही जायला पाहिजे.”

अशा वेळी आम्ही पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करतो. आतली विंडोज आजारी असली तरी डिस्क धडधाकट असू शकते. पेन ड्राइव्हवर दुसरी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, लॅपटॉपला सांगायचं की आज इथून उठ, आणि आतल्या फाइली उचलून घ्यायच्या. लोक घरी प्रयत्न करतात आणि सिस्टिमची फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करतात. तसं चालत नाही. ती एका वेगळ्या सॉफ्टवेअरनं लिहावी लागते, तेव्हा पेन ड्राइव्ह बूट होण्यालायक होतो.

माझा पेन ड्राइव्ह तयारच असतो. पण लॅपटॉप कुठून सुरू करायचा ते निवडायच्या यादीत, म्हणजे बूट मेन्यूत, तो दिसेना. पोर्ट बदलला, तरी नाही. मग बायोसमध्ये गेलो. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा लॅपटॉपचा चौकीदार. तिथे फास्ट बूट बंद केलं, पेन ड्राइव्ह दिसला. पण निवडला तर लाल पट्टी आली. सिक्युअर बूट चालू होतं. ओळखीचं नसलेलं काही ते आत येऊ देत नाही. तेही बंद केलं. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप झकास सुरू झाला.

आणि आतली डिस्क कुलूपबंद निघाली.

ती उघडायला अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की लागते. मी सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं, लॅपटॉप पहिल्याच चक्रात गेला. तिथून दुरुस्तीच्या पानावर शिरलो तर तिथेही निळ्या पडद्यावर तीच की मागितली. म्हणजे मी खिडकीतून गेलो काय आणि दारातून गेलो काय, आतलं कपाट आधीपासूनच बंद होतं. पण वंदनाताई शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही उघडाच्या आधी हे निळं पान नव्हतं येत.”

मला राग आला. पण त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच त्या बोलल्या.

निळ्या पडद्यावर एका मेल आयडीची पहिली दोन अक्षरं दिसत होती. ही की त्या आयडीच्या खात्यात ठेवली आहे, असा त्याचा अर्थ. ताईंच्या आयडीशी ती जुळत नव्हती. नीरजच्या दुकानाच्या नावाशी जुळत होती.

आता इथली पद्धत सांगतो. नवी विंडोज टाकताना ती मेल आयडी मागते. गिऱ्हाइकाला त्याचा आयडी विचारा, पासवर्ड आठवायला लावा, यात वेळ जातो. म्हणून काही दुकानदार एकच आयडी बनवतात आणि सगळ्या लॅपटॉपांमध्ये तोच घालतात. विंडोज गुपचूप डिस्कला कुलूप लावते आणि किल्ली त्या आयडीकडे पाठवते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं वापरतं, त्याला पत्ताही नसतो.

मी नीरजकडे गेलो. तो गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, “भैया, बायोस आपने छेड़ा, लॉक आपसे लगा. फॉर्मेट कर दो, नई विंडोज मैं फ्री में डाल दूँगा.” संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्या दुकानात. आवाज चढवला, त्यानंही चढवला. शेवटी त्यानं भाव सांगितला. पूर्ण आयडी देतो, पण तुम्ही ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाका की लॉक तुमच्या चुकीनं लागला.

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरच्याकडे एकच वस्तू आणि दुसरं दुकान नाही, असा सौदा मी कधी केला नव्हता. ताईंच्या हातात उरलेले दिवस मोजले. तिथेच उभं राहून मेसेज टाकला: “वंदनाजी का लैपटॉप मेरी गलती से लॉक हुआ.” नीरजनं तो ऐकला आणि आयडी दिला.

पासवर्ड त्याला आठवत नव्हता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जाणार ज्या सिमवर, ते रिचार्जअभावी कधीच बंद पडलेलं. मी तो नंबर लावला. इथून जवळच्या पाटन गावातल्या एका मटारच्या व्यापाऱ्यानं उचलला, पटेलजी. नंबर आता त्यांच्या नावावर होता.

मी सगळी हकिकत सांगून ओटीपी मागितला. ते म्हणाले, “बैंक वाले रोज समझाते हैं कि किसी को मत बताना. आपको क्यों बताऊँ?” फोन बंद. मी चिडलो. मग वाटलं, या अख्ख्या प्रकरणात नियमानं वागणारा हा एकच माणूस आहे.

ताईंना आणि लॅपटॉपला घेऊन मी पाटनला गेलो. पटेलजी मटारच्या पोत्यांमध्ये उभे होते. मी बोलायला लागलो तर त्यांनी मला गप्प केलं आणि ताईंना विचारलं. ताईंनी बॅगेतून त्यांच्या डिझाइनवर शिवलेला कापडाचा तुकडा काढला आणि म्हणाल्या, “ये मैंने बनाया है. ऐसे सब इसके अंदर बंद हैं.” पटेलजींनी बोट फिरवून टाके पाहिले.

“ओटीपी तो नहीं दूँगा,” ते म्हणाले. “अपने हाथ से डालूँगा. मेरे सामने खोलो.”

मी माझा दुसरा लॅपटॉप पुढे केला. त्यांनी पँटला बोटं पुसली आणि एकेक आकडा स्वतः दाबला. खातं उघडलं. त्यात लॅपटॉपांची लांब यादी होती, प्रत्येकाची की आणि ती कधी जमा झाली ते. ताईंच्या लॅपटॉपच्या निळ्या पडद्यावरचा ओळख क्रमांक यादीशी जुळवला. ताईंनी तारीख वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, हा तर आम्ही घेतला तोच दिवस आहे. कुलूप दुकानातच लागून आलं होतं न.”

की घातली, डिस्क उघडली. एकेक फोल्डर बाहेर आलं. कारखान्याचं काम ताईंकडेच राहिलं. पटेलजींनी जाताना मटार बांधून दिले आणि विचारलं, या यादीतले बाकीचे लोकही आता ओटीपीसाठी आपल्याकडेच येणार का?

शिकायचं असेल तर एवढं शिका. जुना लॅपटॉप घेताना दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि तुमचं काम दोन ठिकाणी ठेवा.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्या ग्रुपवर माझा मेसेज अजून तसाच आहे. नीरज, त्या यादीतल्या एकेका माणसाला फोन करून त्याची किल्ली कोणाच्या मोबाइलवर लटकते आहे, हे तू केव्हा सांगणार? आणि कुलूप कोणी लावलं, हे त्याच ग्रुपवर, तुझ्या आवाजात, केव्हा सांगणार? उत्तर दे.