अमृताचा डबा

आमच्या भावाची मुलगी संहिता शाळेतल्या मुलांची मानसशास्त्रज्ञ व्हायला शिकते आहे. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. दर गुरुवारी जयनगरहून बस धरून आनेकलच्या एका शाळेत सरावाला जाते. शिकाऊ म्हणजे काय, तर राबायचं हिनं आणि सही कॉलेजच्या मॅडमची!

तिथं दुसरीत अमृता. आईबाप लातूरकडून इकडं कानडी मुलखात कारखान्यात कामाला आलेले. पोर शाळेत तोंडच उघडत नाही. वर्गाच्या बाईंनी ठरवून टाकलं, मंद आहे, होसकोटेच्या विशेष शाळेत धाडा, तिथंच राहील. सात वर्षांची पोर आईपासून तोडायची! मॅडमसमोर बोलली तरच हे टळणार होतं.

संहिता नुसती तिच्या शेजारी बसायची. एका गुरुवारी अमृतानं डबा पुढं सरकवला. "घे की. आईनं धपाटं केलंय." पहिलं वाक्य! संहिता नाचतच घरी आली. डबाही आणला होता, घासून द्यायला.

आता रिकामा डबा परत करायची आमच्यात रीत नाही. "अक्का, बेसनाचे लाडू भरून देते," मला म्हणाली. पण पुढच्या गुरुवारी तिचीच परीक्षा निघाली, जाणं झालंच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मॅडमच तपासायला हजर.

मॅडम गोड बोलल्या, चित्रं दाखवली, मराठी येणारी एक बाईसुद्धा बसवली. अमृता ओठ घट्ट मिटून संहिताच्या पिशवीकडे बघत राहिली. शिकाऊ मुलीनं मध्ये बोलायचं नाही असा नियम. मेला तो नियम! 'बोलत नाही' असं लिहून मॅडम सही करून गेल्या.

मग संहितानं डबा दिला. लाडवांकडे पोरीनं बघितलंसुद्धा नाही हो.

"डबा हरवला म्हणून आईनं लई मारलं. तू कुठं गेलतीस?" घडाघडा बोलली.

संहितानं तिथूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, पण तू एकटीनं ऐकलेलं धरता येत नाही. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! डोंबल! तोवर पोर होसकोटेला.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. त्या रात्री ताटावर बसून संहितानं विचारलं, "अक्का, डबा त्याच दिवशी रिकामाच दिला असता तर?"

मी तिला भात वाढला. तिनं खाल्ला नाही.