वजनाची फेरी

आमच्या किनाऱ्यावरची वाट इतकी सोपी, की तिच्यावर दम लागायला माणसाला मुद्दाम पळावं लागतं. दोन किलोमीटर लाकडी फळ्या, समुद्राच्या अंगाला कठडा, पायरी औषधालाही नाही. मध्ये जुना बुरूज. त्याच्यावरची तोफ जन्मात एकदाच उडाली, तीही सलामीला, आणि तिने किल्लेदाराच्या स्वतःच्याच खिडक्या फोडल्या. पुढच्या खडकांवर पाणकावळे पंख वाळत घालून बसतात. नशीब जोरात असेल तर पाणमांजर दिसतं. नसेल तर ते 'आत्ताच होतं'.

हे सगळं सांगणारे राखणदार म्हणजे सोपेकाका. रोज सकाळी फाटक उघडताना ते फळ्यावर खडूने 'आज वाट : सोपी' असं लिहीत, म्हणून हे नाव. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

हा 'सोपी' शब्द मात्र फुकटचा नव्हता. खात्याचा नियम होता : रोज फाटक उघडण्याआधी चाकाच्या खुर्चीत साठ किलो वजन ठेवायचं, खुर्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायची, फळी दबली की तिथे खूण करायची आणि वहीत वजन लिहून सही करायची. वजनासाठी खात्याने वाळूची वीस-वीस किलोंची तीन पोती दिली होती. मग लकव्याने काकूंचे पाय गेले. आठवडाभरात काकांच्या लक्षात आलं, की बायको घरात भिंत बघत बसली आहे आणि आपण वाळूला समुद्र दाखवत फिरतोय.

काकू तेव्हा एकसष्ट किलो भरत. "एक किलो खात्याला बक्षीस," काका म्हणाले.

"माहेरी मला फूल म्हणायचे," काकू म्हणाल्या. "इथे पोत्याच्या जागी नेमणूक झाली. ढकला आता."

सात वर्षं ही फेरी चालली. काकूंना फळी आवाजावरून कळे. "थांबा, ही कण्हतेय," त्या म्हणत. "तुमच्यासारखी नाही, खरोखरची." दुपारी सुतार येई आणि खरोखर खालून कुजलेली फळी निघे.

मग काकूंच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला बोलावलं, आणि काकूंना कळायला तेवढंच पुरलं. पोलकं ढिलं झालं, मग बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. फळ्याही गप्प होत गेल्या.

"अहो," एका सकाळी काकू म्हणाल्या, "खुर्चीत माझ्या पायाशी एखादं पोतं ठेवा. मी कमी पडतेय."

"कमी? तुझी नुसती जीभच वीस किलोची आहे."

"चेष्टा नको. फळ्या बोलत नाहीत हल्ली."

"तुझ्यापुढे कोण बोलणार?" काका म्हणाले, आणि वहीत 'साठ' लिहून त्यांनी सही केली.

अशा सह्या पाच महिने झाल्या. मग एका रविवारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई खुर्चीतून आल्या. वजनाने अगदी नियमातल्या, साठ-बासष्ट. बहीण ढकलत होती. बुरुजाजवळची फळी मोडली, कठडाही सुटला आणि बाई खुर्चीसकट खालच्या खडकांवर गेल्या. कंबर मोडली. चालत त्या आधीही नव्हत्या. आता बसणंही गेलं, म्हणजे शिवणयंत्रही गेलं.

तिसऱ्या दिवशी खात्याचे साहेब काकांच्या चौकीत येऊन बसले. काकू कोपऱ्यात खुर्चीत होत्या.

"वजन रोज ठेवत होतात?"

"रोज," काका म्हणाले.

"किती?"

"साठ."

साहेबांनी पोत्यांकडे पाहिलं. त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणली होती. "ही तर हललेलीच दिसत नाहीत."

"वजन मी होते, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही किती भरता?"

"परवा दवाखान्यात एकोणचाळीस भरले."

"त्यांचा काटा बिघडलाय," काका घाईने म्हणाले.

साहेबांनी वहीत काय लिहायचं ते लिहिलं. फाटकाला कुलूप लागलं. काकांची नोकरी तर गेलीच, आणि काकूंचा समुद्रही.

चौकी रिकामी करताना काकूंनी विचारलं, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

काका पेटीला दोरी बांधत होते. "रोज सकाळी पलंगावरून उचलून मीच तुला खुर्चीत बसवतो. मला नाही कळणार?"

"मग एक पोतं ठेवायला काय झालं होतं?"

"पुढच्या महिन्यात दुसरं ठेवावं लागलं असतं," काका म्हणाले. "त्याच्या पुढच्या महिन्यात..." दोरीची गाठ काही बसेना.

काकूंनी गाठीवर बोट धरलं.

"उद्या त्या बाईंकडे जायचं," मग त्या म्हणाल्या. "दोघांनी. जे मला सांगितलंत, तेच त्यांना सांगायचं. आणि तिथे एकसुद्धा विनोद करायचा नाही."

"त्यांनी घरात घेतलं नाही तर?"

"तर दारात उभं राहून सांगायचं. उचला मला."