मोत्यावालीचे डोळे

दिवाळीची झाडझूड करताना मी मोरीत घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण हात थरथरत होता. कपबशी उचलली की बशी वाजायची. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. थोडे दिवस दाबला आणि बाजूला ठेवून दिला. ज्या कामातून काहीच निघत नाही ते माझ्याच्यानं होत नाही.

बशी वाजली तरी माझं अमरावतीत काही अडत नव्हतं. मी मुलाकडे राहते, सैपाक सून आणि मी मिळून करतो, आणि चहा ग्लासातही पिता येतो. अडणार होतं ते अकोल्याला, भादव्यात.

आमच्या महालक्ष्म्या अकोल्याला माझ्या मोठ्या जावेच्या घरी बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यांचे मुखवटे मातीचे, सासूच्याही सासूच्या वेळचे. आमच्या घरची पद्धत अशी की महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मागच्या वर्षीचे डोळे ओल्या फडक्यानं पुसायचे आणि नवे काढायचे, काजळात थोडा डिंक घालून. डोळे काढताना त्या खोलीत कोणी बोलायचं नाही. कोणी बोललं तर देवीची नजर त्याच्याकडे जाते, असं सासू सांगायची. दोघींचेही डोळे पुरे झाल्यावरच तोंड उघडायचं, आणि एकदा काढलेले डोळे पुढच्या वर्षापर्यंत पुसायचे नाहीत.

हे काम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. माझ्या हातात काही कला होती म्हणून नाही. त्या सकाळी जावेचे हात देवीवर टांगायच्या फुलोऱ्याच्या पिठात होते आणि मी रिकामी उभी होते, म्हणून सासूनं काडी माझ्या हातात दिली. तेव्हापासून त्या घरात पुरण जावेचं, आंबील जावेची, सोळा भाज्या कुठल्या ते ठरवणार जाऊ, कोणाला जेवायला बोलवायचं तेही जाऊच ठरवणार. डोळे तेवढे माझे. बाकी तिथे मी पानं वाढणारी.

संक्रांतीला जावेचा फोन आला. तिळगुळाचं बोलणं झालं आणि तिनं मुद्द्याला हात घातला. "तुले जमत नसंन तर आताच सांग. बजारात पितळेचे मुखवटे पाहून ठेवले मी. त्याले डोळे काढाचं कामच नाही."

मी म्हटलं, "बाई, भादवा लांब आहे. हात माझा आहे, मी पाहीन काय करायचं ते."

फोन ठेवला आणि एक पेन्सिल शोधली. कागदावर डोळा काढून पाहिला. नागपंचमीचा नाग झाला.

सुनेनं ते पाहिलं. ती एका ऑफिसात नोकरीला आहे. तिथे तिला नव्या वर्षाचं एक कॅलेंडर मिळालं होतं, जगातल्या नावाजलेल्या चित्रांचं, दर महिन्याला एक चित्र. ती म्हणाली, "आई, नुसता डोळा काढून हात वळणार नाही. अख्खं चित्र समोर ठेवा आणि रोज एकदा उतरवा. आवडलं नाही तर चेंडू आहेच." चेंडूचं नाव काढलं म्हणून मी तयार झाले.

कागदाची कमी नव्हती. आमच्या शहरात पोरांपेक्षा कोचिंग क्लास जास्त आहेत असं वाटावं इतकी त्यांची पत्रकं पेपरातून येऊन पडतात. एक बाजू छापील, एक बाजू कोरी. कागद पातळ, त्यामुळे मी काढलेल्या बाईच्या गालातून पलीकडचा पहिला आलेला पोरगा डोकावायचा. मला त्याचं काही नव्हतं. त्याचाही अभ्यास, माझाही अभ्यास.

सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की मी देवाचं आटोपून जेवणाच्या टेबलाशी बसायची. चित्राखाली इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, ते काही मला वाचता येत नव्हतं आणि सुनेला विचारायची गरजही वाटली नाही. मीच नावं ठेवली. जानेवारीत एक बाई हातावर हात ठेवून बसलेली, हसावं की नाही ते तिचं ठरलेलं नाही. तिला भुवयाच नव्हत्या. मला आधी वाटलं छपाई चुकली. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या मनानं तिला भुवया घालायला लागले. फेब्रुवारीत एका मडक्यात सूर्यफुलं होती, निम्मी माना टाकलेली. आमच्या चांदूर रेल्वेकडच्या शेतात वडिलांनी एके वर्षी सूर्यफूल पेरलं होतं. अशी फुलं निघाली असती तर त्यांनी बियाणंवाल्याच्या दुकानात जाऊन तमाशा केला असता. पण काढायला ती फुलं सोपी. पाकळी वाकडी गेली तरी कोणाला कळत नाही.

मार्चमध्ये तीन बाया कापणी झालेल्या शेतात वाकून पडलेली कणसं वेचत होत्या. ते चित्र मी मन लावून उतरवलं. सुनेनं संध्याकाळी येऊन पाहिलं आणि विचारलं, "आई, या कापूस कधीपासून वेचायला लागल्या?" मी नीट पाहिलं. तिघींच्याही कमरेला मी कापसाची ओटी बांधली होती, पुढे फुगलेली. कॅलेंडरमध्ये तसं काहीच नव्हतं. वाकलेली बाई काढायला घेतली की हात आपोआप ओटी बांधत होता. आम्ही दोघी पुष्कळ हसलो, पण तेव्हाच एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. हाताला एकदा जे वळण लागतं ते तो विचारून करत नाही. ती माझ्या लक्षात आली नाही.

चित्रांकडे पाहून हात सुधारत होता हे खरं. उन्हाळ्यात बशी वाजायची थांबली. पण मला पाहिजे होते डोळे, आणि वेचणाऱ्या बायांना डोळे नव्हते, तोंडं खाली होती. मी पानं उलटत पुढे गेले. एका पानावर एक पोरगी सापडली, डोक्याला निळं फडकं, कानात मोठा मोती. कोणी मागून आवाज दिल्यासारखी वळून पाहत होती. डोळे मोठे, स्वच्छ, ओले. असे डोळे महालक्ष्मीला पाहिजेत, असं मला वाटलं. मी कॅलेंडरचं ते पान वर काढून ठेवलं आणि महिने पाहणं सोडलं. मुलाच्या एक दोन बिलांच्या तारखा त्यामुळे चुकल्या. तो कुरकुरला, तर सून म्हणाली की मोबाईलमध्ये तारीख असते.

उन्हाळा, पावसाळा मी त्या मोत्यावालीला धरून होते. फडकं सोडलं, मोती सोडला, नाक सोडलं. नुसते डोळे. आधी वरची रेघ, मग खालची, मग बुबुळ, मग त्यातला तो पांढरा ठिपका. पोळ्यापर्यंत असं झालं की कॅलेंडर न पाहता, फोनवर बोलता बोलता माझ्या हातून तिचे डोळे निघायचे. दुधाच्या पिशवीवर निघायचे. शेजारीण बसायला आली तर तिच्या पोराच्या लग्नाच्या पत्रिकेवर निघाले. मी सुनेला सांगितलं, आता पितळवाला माझं काही करू शकत नाही.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी एसटीनं निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला, मुद्दाम कपात. एक थेंब सांडला नाही.

जावेनं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहण्याआधी हाताकडे पाहिलं. रात्री जेवताना तिनं दोनदा मला वरणाची वाटी पुढे करायला सांगितली, वाटी तिच्याजवळच असून. मी दोन्ही वेळा केली. ती म्हणाली, बरा आहे वाटते हात. मी म्हटलं, सकाळी पाहा.

सकाळी मुखवटे पाटावर ठेवले, जुने डोळे पुसले. काजळ खललं. जावेनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि स्वतः सैपाकघराच्या दारात उभी राहिली, उजव्या बाजूला. हात पिठाचे, ओठ घट्ट मिटलेले. मी आधी ज्येष्ठेचा मुखवटा घेतला.

मला आजही त्या रेघेचा आनंद आहे. वरची पापणी एका दमात गेली, कुठे अडकली नाही. खालची गेली. बुबुळ गोल बसलं. जाऊ दारात हालचाल करायला लागली, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, हात कापत नाही म्हणून हिचा जीव खाली वर होतोय. ती हात हलवत होती, पीठ खाली पडत होतं. तिनं पाय आपटला. मी मनात म्हटलं, आपट. आणि कनिष्ठेचा मुखवटा पुढे ओढला. त्याचेही डोळे तसेच झाले, रेघ न् रेघ तशी. चारी डोळ्यांत ठिपका ठेवला, काडी खाली ठेवली आणि बोलायला मोकळी झाले.

"पाहा," मी म्हटलं. "कापला का कुठं?"

जाऊ म्हणाली, "हात नाही कापला वं. पण थ्या पाहून कुठं राहिल्या?"

मी दोन्ही मुखवटे उभे करून मागे सरले. मुखवट्यांची तोंडं समोर होती आणि डोळे उजवीकडे. मान वळवून पाहणाऱ्या पोरीचे डोळे मी मान सरळ असलेल्या देवीला बसवले होते. सुंदर होते. पण ज्येष्ठा कनिष्ठेकडे तिरकं पाहत होती, आणि कनिष्ठा सैपाकघराच्या दाराकडे, जिथे जाऊ उभी होती.

पुसायचे म्हटलं तर पुसता येत नव्हते, वर्षाचे झाले होते. जाऊ म्हणाली की दोघींच्या जागा बदलून पाहू. मी म्हटलं, बदलू, पण मग लहानी मोठीकडं पाहीन आणि मोठीचं लक्ष सैपाकघरात जाईन, आणि लोक ते कोणाला लावतीन ते तुम्हीच पाहा बाई. जागा होत्या तशाच राहिल्या.

साड्या नेसवल्या, दागिने घातले, फुलोरा वर बांधला. मला वाटलं, सजावटीत नजर झाकून जाईल. उलट जरीच्या साडीत ती जास्तच उठून दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाला बाया यायला लागल्या. पहिली आली तिनं हळदीकुंकू वाहिलं, वर पाहिलं आणि थांबली. मग शेजारणीला कोपरानं ढोसलं. मोठी लहानीची साडी पाहून राहिली, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, जावाच शोभतात, बहिणी नाही. लहानीचं लक्ष आंबिलीच्या पातेल्याकडं आहे, असं तिसरीनं शोधून काढलं. इथवर ठीक होतं. पण समोरच्या घरातली एक म्हातारी, माझ्या सासूच्या ओळखीची, तिला घरची पद्धत माहीत होती. तिनं नजर कुठे जाते ते बोट रोखून पाहिलं. बोट सैपाकघराच्या दारात जाऊन थांबलं.

"डोये काढतानी तिथं कोन बोललं?" तिनं विचारलं.

सगळ्या बायांनी जावेकडे पाहिलं. तिथे तीच पुरण वाटत उभी होती.

जाऊ शपथा घ्यायला लागली. मी मधे पडले आणि खरं काय ते सांगितलं, कॅलेंडर, मोत्यावाली, मान वळवलेली. कोणाला पटलं नाही. परदेशातल्या एका पोरीमुळे अकोल्याच्या महालक्ष्मीची नजर फिरते हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. म्हातारी मला म्हणाली की जावेला सांभाळून घेतेस, गुणाची आहेस. आयुष्यात मला पहिल्यांदाच त्या घरात कोणी गुणाची म्हटलं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. मी आणखी वाद घातला नाही. पानं वाढायची होती.

बाया जेवून गेल्या. आम्ही दोघी उरलेल्या पुरणपोळ्या घेऊन मागच्या ओट्यावर बसलो. जावेनं पोळीचा एक तुकडा मोडला. मग म्हणाली, "जन्मात एक डाव मी तोंड बंद ठेवलं, अन् नाव माझंच खराब झालं."

मला हसू आलं. मी ते पोळीत दाबलं. पण विचारायचं ते विचारलंच. म्हटलं, "मग पितळेचे कधी आणता?"

"आता कशी आणू? आता आणले तर लोक म्हणतीन, हिनंच बोलून नजर बिघडवली, अन् मंग लपवाले पितळ आणलं. पितळवाल्याले मी नाही सांगून देतो." तिनं पोळीवर तूप घातलं, आधी माझ्या, मग तिच्या. "पुढच्या वर्षी तूच काढशीन. सरळ. अन् मी तोंडात सुपारी धरून बसतो, साऱ्यायच्या समोर."

मी आणखी एक पोळी घेतली. पुरण चांगलं झालं होतं. तसं तिला सांगितलं नाही, तिला माहीत असतं.

अमरावतीला आल्यावर कॅलेंडर पहिल्यापासून चाळलं. सरळ पाहणारं कोणीतरी पाहिजे होतं. एक खाली पाहते, एक खिडकीबाहेर पाहते, एका म्हाताऱ्याचे डोळे टोपीत गेलेले. मोत्यावालीला मी कपाटाच्या आत लावून टाकलं, ती समोर असली की हात तिच्याकडे जातो. शेवटी जानेवारीवरच आले. हातावर हात ठेवलेली ती बाई, कुठूनही पाहिलं तरी आपल्याकडेच पाहते. आता रोज सकाळी तीच. डोळे येताहेत. तोंड जरा जड जातं, पण ते मला लागत नाही.

जावेचा आता दर आठवड्याला फोन येतो. आधी कधी येत नव्हता. काय काढते, कोणती बाई आहे, कुठे पाहते, सगळं विचारते. परवा सुनेनं तिला मोबाईलवर त्या चित्राचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"ही बरी आहे," जाऊ म्हणाली. "पण पहिलेच सांगून ठेवतो, आपल्या महालक्ष्म्यायले भुवया पाहिजेत."