खडीकामावरची बाळे

तापलेल्या काळ्या दगडावर हातोडा पडला की ठिणगीबरोबर एक करपट वास उठतो, आणि असे शेकडो हातोडे एकाच वेळी पडू लागले की तो वास उन्हात विरघळून जातो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुष्काळी कामावर मी प्रथम उतरले ती या वासात. आमच्या चर्चच्या मंडळीने दुधाची भुकटी जमवली होती आणि ती कालवून वाटायला आम्ही काही बायका ट्रकमधून आलो होतो. वाटता वाटता मला ती बाळे दिसली. खडीच्या ढिगाआड, लुगड्याच्या तुकड्यावर निजवलेली. सूर्य सरकला की सावलीबाहेर उघडी पडणारी. आयांना हातातले काम टाकून उठता येत नव्हते. परतताना मी पाळकीणबाईंना म्हणाले की उद्यापासून मी इथे या मुलांपाशी बसणार. पाळकसाहेबांच्या या अबोल पत्नीने एकवार माझ्या हातांकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, "बस. सावलीला तट्टे मी पाठवते."

हातांकडे पाहण्याला कारण होते. माझे लग्न ठरले त्याच वर्षी दंडावर एक फिकट, बधिर चट्टा उमटला आणि त्याचे नाव कुष्ठरोग आहे हे कळताच ठरलेले सारे निःशब्दपणे मोडले. दूरच्या एका मिशन रुग्णालयात माझी ऐन तारुण्याची वर्षे सरली. तिथल्या लांबलचक दुपारी, व्हरांड्यात कडुनिंबाचा मोहर गळत असताना, मी एकाच गोष्टीचा पुन्हापुन्हा विचार करी: प्रभूला बायबलमधल्या त्या कुष्ठरोग्याला नुसत्या शब्दाने बरे करता आले असते, तरी त्याने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. बरे होण्यापूर्वीच तो माणूस जवळ घेतला गेला होता. हे उमगल्यावर माझ्यातली भीती ओसरली. औषधाने रोग गेला. उजव्या हाताची दोन बोटे मात्र आत वळलेली राहिली आणि तळव्यांची जाणीव परतली नाही. सोलापुरात आल्यावर उपासनेला बसले की बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही. मग एका रविवारी त्यांतल्या एका जागेवर पाळकीणबाई येऊन बसल्या आणि पुढे कधी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने दाखवलेल्या चिंचेखाली मी तट्टे उभे केले, फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, पाण्याचे माठ भरले. बायका आल्या, माझी बोटे पाहिली आणि मुलांना उचलून पुन्हा ढिगांकडे गेल्या. दिवसामागून दिवस रिकाम्या झोळ्या उष्ण वाऱ्यात हलत राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. आईने भ्यावे हेच स्वाभाविक होते. मी रोज सकाळी सावली झाडून घेई, माठ भरी, प्रार्थना करी आणि बसून राही. इथे आपल्याला पाठवले आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एका रणरणत्या दुपारी शेवंता धावत आली. माढ्याकडची, विशी नुकतीच ओलांडलेली. तिच्या कडेवरचे तान्हे उन्हाने मलूल झाले होते, मान टाकून पडले होते. तिने ते माझ्या ओंजळीत जवळजवळ टाकलेच. मी त्याला ओल्या फडक्यात गुंडाळले आणि मीठ-साखरेचे पाणी चमच्याने थेंबथेंब पाजू लागले. ऊन कलता कलता त्याने डोळे उघडले आणि क्षीण, चिडका सूर काढला. तेव्हा कुठे शेवंताची नजर माझ्या बोटांवर स्थिरावली.

"बाई, हातास्नी काय झालंय?"

"महारोग झाला होता. आता बरा झालाय. तुझ्या बाळाला माझ्यापासून काही होणार नाही."

ती पदराने मुलाचे तोंड पुसून उठली. "निजू द्या त्याला हितंच. मी सुट्टी झाल्यावर येते."

दुसऱ्या सकाळी ती तिघी जणींना घेऊन आली. हळूहळू झोळ्या भरल्या, अपुऱ्या पडल्या. बोटांना ऊन-गार कळत नसल्याने मी दुधाची प्रत्येक वाटी आधी गालाला लावून पाही. मुलांना तो खेळ वाटे आणि तीही गाल पुढे करत. आमच्या मंडळीतल्या बायकाही पाळीपाळीने येऊ लागल्या. ज्यांनी बाकावर अंतर राखले होते, त्या आता माझ्या हातून मूल घेत, माझ्या हाती मूल देत.

पाऊस झाला, कामे बंद पडली, माणसे आपापल्या रानांकडे परतली. आम्ही चर्चच्या आवारात गिरणी कामगारांच्या मुलांसाठी बालवाडी उघडली. हिवाळ्यात शेवंताचा निरोप आला, मुलाचे जावळ आहे, या.

मी एस. टी.ने तिच्या गावी गेले. ग्रामदैवतासमोरच्या अंगणात नाभिक वस्तरा परजत बसला होता, हळदीचा आणि ओल्या ज्वारीच्या रानाचा वास येत होता. मुलाला मामाच्या मांडीवर बसवायची वेळ आली तेव्हा शेवंता गर्दीतून थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"मला भाऊ न्हाय. तुमीच घ्या की त्याला मांडीवर."

तिच्या सासऱ्यांनी स्वतः पाट सरकवला.

मी बसले. मुलाचे मऊ केस माझ्या लुगड्यावर पडत होते आणि मी डोळे मिटून माझ्या प्रभूपाशी त्याच्यासाठी आयुष्य मागत होते, समोर त्यांच्या देवाची घंटा वाजत होती तिच्या नादात. मी बरी झाले आहे, हे इतकी वर्षे मी माणसांना सांगत आले होते. त्या अंगणात ते सांगावे लागले नाही. मला बरे करणाऱ्यांचे आणि जवळ करणाऱ्यांचे ऋण फेडायला म्हणून मी त्या रस्त्यावर उतरले होते. पण मांडीवरचे ते ऊबदार ओझे सावरताना मला कळेना, की या साऱ्यात मी दिले ते नेमके कोणते, आणि मला मिळाले ते कोणते.