पावलावर पाऊल

पनवेलच्या मच्छीबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी भाजी विकायला बसे, तेव्हा एक जोडपं रोज समोरून जायचं. तो शांतिसेनेतून श्रीलंकेत लढून, पलटण सोडून घरी आलेला, असं शेजारच्या भाजीवाल्या बाया सांगत. बायको डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पुढे, आणि हा मान खाली घालून मागे. तिचं पाऊल पडेल तिथेच नेमका पाय टाकायचा. नाव विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

बाया हसायच्या, "काय गो, तुमची सप्तपदी अजून संपली नाय?"

ती शरमेने भराभर चालू लागे. मग तोही भराभर.

एकदा ती माझ्यासमोरच थांबली. "आवो, बाजूनं चाला ना! नायतर उद्यापासून घरीच बसा."

तो गंभीरपणे म्हणाला, "पुढच्याचं पाऊल सोडायचं नाही. खाली सुरुंग असतो."

"म्हंजे फुटला तर माझ्या पायाखाली? वा रे नवरा!"

त्याचा चेहरा एकदम पडला. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो पुढे झाला आणि तापल्या तव्यावरून चालल्यासारखा निघाला. ती मात्र मुद्दाम रस्त्याच्या मधोमध, ठुमकत चालली. तो घडीघडी मागे वळून बघे, आणि ती शाबूत दिसली की हसे.