रेहानाआपांचं जुनं फोल्डर

रेहानाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोज्याच्या नाक्यावर सह्या गोळा करत होते. मनात पहिलं आलं ते हेच, की पत्रक अर्धं राहिलं... त्याची लाज अजून वाटते. कारखान्यांच्या धुराबद्दलचं ते पत्रक सोमवारच्या सुनावणीआधी छापायचं होतं आणि ते आपांच्या कॉम्प्युटरमध्येच होतं.

पनवेलच्या बाजारात, घराच्या पुढच्या खोलीत आपा कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायच्या. मी लहान असल्यापासून आई त्यांना मजकूर द्यायची आणि मी छापून आलेल्या पत्रकांच्या घड्या घालायचे. कॉम्प्युटर चालवायला आपांनी कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नसलेलं लिनक्स घेतलं ते फुकट म्हणून नाही. "माझ्या घराची चावी कंपनीकडे कशाला?" असं विचारायच्या. पुढे मी पानं लावायला त्यांच्याकडेच शिकले, त्यांच्याशीच भांडले. पानं लावायचं अ‍ॅप बंद पडलं की मी ते कॉम्प्युटरवरून काढून पुन्हा टाकायचे. "आता मशीनवर मोर्चा काढ! अगं बेटा, ते काय म्हणतंय ते तर वाच," म्हणत आपा अ‍ॅप टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, सुरू करायला लावायच्या, कारण ते कशाने कोसळलं ते तिथे लिहून येतं. "आणि काही पुसायचं नाही. नाव बदलून बाजूला ठेवायचं."

चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीने, शबानाने, खोली उघडून दिली. अ‍ॅपची खिडकी चमकली आणि गेली. मी ते तीनदा काढलं, तीनदा टाकलं, मग टेबलावर मूठ आपटली. कारखान्याविरुद्ध निवेदन देता येतं. याविरुद्ध कुणाला द्यायचं? शबाना दारातून म्हणाली, "अम्मी असती तर तुला उठवून स्वतः बसली असती."

मग मी टर्मिनल उघडून अ‍ॅप तिथून सुरू केलं. सेटिंग्जची फाइल वाचता येत नाही, असं तिथे आलं. अ‍ॅप कितीही वेळा टाकलं तरी सेटिंग्जचं फोल्डर तेच राहत होतं. त्या फोल्डरच्या नावापुढे मी 'जुनं' जोडलं आणि अ‍ॅप उघडलं. पत्रक शाबूत होतं, पण खिडकी परक्याची झाली होती. थकलेल्या डोळ्यांसाठी आपांनी मोठी केलेली अक्षरं, त्यांनी सवयीने डावीकडे लावलेली हत्यारांची बटणं, सगळं गेलं होतं.

पत्रक सुनावणीला पोचलं. 'जुनं' अजून तिथेच आहे. पहिलं नाव परत दिलं की अ‍ॅप आजही कोसळतं... ते मी दोनदा करून पाहिलं आहे.