डावीकडची चिप

"डावीकडची जुनी. तीच पुसायला टाकतो," मास्टर शेठना म्हणाले. मी रजिस्टरवरून मान वर केली नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगरातल्या एका सिंधी शेठच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागून मला दोन महिने झाले होते. इंग्रजी माध्यमात शिकलेली म्हणून मॅन्युअल वाचून दुरुस्ती करणाऱ्या मास्टरांना अर्थ सांगणं हे माझं काम. एरवी मी गप्प. बदलापूरहून येताना वाक्यं मनात जुळवून आणायची आणि बहुतेक तशीच परत न्यायची. मास्टर शेठना सांगायचे, मॅडम म्हणजे प्रिंटर नसलेला कॉम्प्युटर. आत सगळं आहे, बाहेर काही येत नाही.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्याचे दोन जुने फ्लॉपी ड्राइव्ह आमच्याकडे आले होते. फ्लॉपी कशी वाचायची, हे अशा ड्राइव्हला त्याच्या आतली एक चिप सांगते. या दोन्हींतला प्रोग्रॅम जुना होता. कारखान्याच्या फ्लॉप्या वाचताना ते कटकट करत अडायचे. सुधारलेल्या प्रोग्रॅमची एकच चिप शेठच्या मेव्हण्यानं परदेशातून आणली होती. एका ड्राइव्हची जुनी चिप काढून मास्टरांनी ती या नव्या चिपशेजारी काळ्या स्पंजात टोचून ठेवली होती. जुनी पुसायची, नवीची नक्कल तिच्यावर उतरवायची, म्हणजे दोन्ही ड्राइव्ह सुधारतील.

अशा चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. जांभळ्या ट्यूबच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, की त्या खिडकीतून आतलं सगळं पुसलं जातं. एरवी खिडकीवर लेबल चिकटवतात, आणि कुठली चिप कुठली हे त्या लेबलावरच लिहिलेलं असतं. बाकी दोन्ही हुबेहूब; छापलेला नंबरही एकच.

दसऱ्याच्या पूजेत शेठनी पकडीपासून ड्राइव्हपर्यंत सगळ्याला ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं. चिपांनाही. दुसऱ्या दिवशी ते कुंकू पुसायचं काम माझ्याकडे आलं. लेबलं भिजून शाई पसरली होती. मी दोन्ही चिपा उपसल्या, लेबलं स्पिरिटनं सोलून काढली, आणि खाली काच दिसली तेव्हा घाबरले. उजेड लागू नये म्हणून काळी टेप लावली, चिपा परत टोचल्या. मास्टरांनी टेप बघून मान डोलावली होती. त्यांना वाटलं, मी चिपांवरचं कुंकू जागच्या जागीच पुसलं.

"पक्का ना, मास्टर?" शेठनी विचारलं. "दुसरी नाही मिळणार."

"साई, रेडिओच्या जमान्यापासून हात चालतोय. माझी जागा मी विसरत नाही."

त्यांनी डावीकडची टेप नखानं सोलली. चिप पेटीत ठेवली, झाकण सरकवलं. नवी पुसली गेली असती, तर कारखान्याला तोंड मास्टरांना द्यावं लागलं असतं. माझ्यावर कुणाला संशयही आला नसता. हा विचार मला आला, आणि आल्याची लाज वाटली. वाक्य जुळत नव्हतं. मास्टरांचं बोट बटणावर गेलं.

मी उठले, तेव्हा खुर्ची मागे पडली. दोघांनी वळून पाहिलं.

"मास्टर, थांबा. मी दोन्ही एकदम काढल्या होत्या. डावीकडची कुठली, मला माहीत नाही."